सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

“मावशी, हात लावायचा नाही!” अतुल साहेब ओरडत आले.

प्रदर्शन त्यांनीच मांडलं होतं. फलाटाच्या भिंतीवर या भुयारी स्टेशनचा सगळा इतिहास: मोठमोठे फोटो, पिवळी हेल्मेटं आणि आमचा बिल्ल्यांचा फळा. कस्तुरामावशींना तो दाखवायला मी मळवलीहून घेऊन आलो होतो.

फळा मीच दिलेला. खणकाम चालू असताना मी इथे पाणी उपसायच्या पंपावर होतो. खाली उतरताना ज्याने त्याने आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावरच्या ‘बाहेर’च्या ओळीतून काढून ‘आत’च्या ओळीत टांगायचा, वर आलं की परत. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा आमचा कायदा. मावशींचा मुलगा रतन खाली मातीत गाडला गेला. प्रेत वर आलं, पण त्याचा सत्तेचाळीस नंबर आम्ही ‘आत’च ठेवला. मुकादमाने शिव्या घातल्या तरी कुणी हलवला नाही. पुढे फळा भंगारात निघाला, तेव्हा मी तो घरी नेऊन जपला. इतिहास लिहिताहेत म्हटल्यावर दिला. वाटलं, रतनचं नाव तरी लागेल.

आणि आज सगळे बिल्ले ‘बाहेर’! खाली पाटी.

“काय लिवलंय रं, अमृत?”

“सर्व कामगार सुखरूप,” मी वाचलं. माझं डोकं सणकलं. “साहेब, सत्तेचाळीस नंबर कुणी हलवला?”

“तो एकटाच तिकडे होता. बरं दिसत नव्हतं, म्हणून एका ओळीत घेतले.”

बरं दिसत नव्हतं! मेलेला माणूस डोळ्यांत खुपतो, तर तो मेलाच नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

“माणूस मेलाय हितं, साहेब. आदी हात तुमी लावलाय,” मी सुनावलं.

मावशी फळ्याकडेच बघत होत्या.

“सुखरूप भाईर आला म्हणता?” त्यांनी साहेबांना विचारलं. “मंग घरी का न्हाई आला?”

मावशींनी फळ्यापुढे बांधलेल्या दोरीवरून हात घातला, सत्तेचाळीस नंबर काढला आणि ‘आत’च्या खिळ्याला टांगला. आमचा कायदा आईला लागू नव्हता.

साहेबांनी शिट्टीवाल्या गार्डला हाक मारली. मी दोरी ओलांडली आणि फळ्याला पाठ लावून उभा राहिलो. मावशीही वाकून दोरीखालून आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

समोरून दोन गाड्या गेल्या. आम्ही हललो नाही.