रताळ्यांचा उपास

त्या वर्षी ख्रिस्ती मंडळीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा परशुराम मास्तरांनी तपकीर सोडली. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी सकाळी त्यांनी डबी उचलली, पुस्तकांच्या फडताळात जाड शब्दकोशामागे सारली, आणि संध्याकाळ होते न होते तोच त्यांना शंका येऊ लागली, की आपण सोडायला फार सोपी वस्तू निवडली. त्रास होत होता तो नाकाला. मन जसंच्या तसं होतं. मास्तरांचं सगळंच असं असे. प्रार्थना करून उठले, की ती आपण मनापासून केली की सवयीनं, याचा विचार करत ते पुन्हा गुडघे टेकत.

हुबळीत मिशनच्या मुलींच्या शाळेत ते मराठी आणि बायबल शिकवीत. बाप्तिस्म्यात त्यांचं नाव पौलस झालं होतं आणि मंडळीतले लोक त्यांना पौलस मास्तर म्हणत, पण स्वतःच्या मनात ते अजून परशुरामच होते. बायको लिदिया आजोबांपासूनच्या ख्रिस्ती घरातली. माहेरचं बोलणं कानडी, मराठी लग्नानंतर शिकलेली. एकुलती मुलगी लग्न होऊन गदगला गेली होती. आवारातल्या दोन खोल्यांच्या घरात मास्तर, लिदिया आणि मास्तरांची आई तानूबाई, एवढीच माणसं राहत. चुली मात्र दोन होत्या.

तानूबाई अळणावरजवळच्या एका खेड्यातली. धाकटा मुलगा आनंदा रानात लाकूडतोडीच्या कामावर गेला आणि तिकडेच तापानं गेला. मग गावात म्हातारीकडे बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून मास्तर जाऊन तिला घेऊन आले. आगगाडीतच तिनं सांगून टाकलं होतं, की तुझ्या घरात राहीन, पण तुझ्या घरचं अन्न खाणार नाही. त्यात राग नव्हता. नवऱ्याला ज्या ओढ्याकाठी जाळलं तिथंच तिला जळायचं होतं, आणि ती ख्रिस्ती घरात जेवली असं गावात कळलं असतं तर भावकीतला एक माणूस तिला खांदा द्यायला पुढे आला नसता. मास्तरांना ते समजत होतं. तरी हुबळीला आल्यावर तिनं परसात पेरूच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली, पहिली भाकरी भाजली आणि ती त्यांच्यापुढे केली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू माझं खाशील, तेव्हा मी तुझं खाईन."

तानूबाईनं भाकरी टोपलीत परत ठेवली. पुन्हा कधी पुढे केली नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ एक धूर परसातून निघे आणि दुसरा स्वयंपाकघरातून, आणि मास्तर मधल्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसत. मायलेकांत भांडण नव्हतं. ती त्यांचं धोतर वाळत घाली, ते तिच्यासाठी विहिरीवरून पाणी ओढत. घागरीला हात मात्र तीच लावी.

त्या वर्षी येशुदास पाळकांनी मंडळीला एक नवी गोष्ट सांगितली होती. बुधवारी आणि शुक्रवारी रात्रीचं जेवण सोडायचं, आणि वाचलेलं धान्य रविवारी देवळात आणायचं, म्हणजे ते अडल्यानडल्यांना वाटता येईल. जुन्या ख्रिस्ती घरांना उपासाची सवय नव्हती. विणकामाच्या कारखान्यात मिस्त्री असलेले जोयेलअण्णा तर उपासना सुटल्यावर पायरीवरच म्हणाले, की आमच्या आजोबांनी उपास सोडून ख्रिस्त धरला, आता पाळकसाहेब म्हणतात ख्रिस्त धरून उपास करा. पण कुरकुर करत का होईना, बहुतेकांनी ऐकलं.

पहिल्या बुधवारी दिवेलागणीला तानूबाई परसातून घरात डोकावली.

"परशा, आज आतली चूल का पेटली न्हाई?"

"उपास आहे, अव्वा."

"कुणाचा?"

मास्तर जरा अडखळले. "प्रभूचा."

म्हातारीचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत लेकाच्या धर्मातली तिला कळण्यासारखी ही पहिलीच गोष्ट होती. मग तिची नजर लिदियाकडे गेली. लिदिया वाटी तोंडाला लावून काहीतरी पीत होती.

"आणि ही काय पितीया?"

"गंजी, अत्ती," लिदिया सासूला म्हणाली.

"तांदळाची?"

लिदियानं मान हलवली. तानूबाई दाराची चौकट धरून हसत सुटली. "अगं बाई, भात पिऊन उपास करता व्हय? तुमच्या देवाला एवढं बी कुणी सांगितलं न्हाई?"

लिदियाला आधी राग आला. पाळकांच्या घरीसुद्धा उपासाला गंजीच पितात, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाही हसू आलं. तानूबाईनं मात्र तो विषय गंभीरपणे घेतला. तिनं आपल्या चुलीतले निखारे सारखे केले, बाजारातून आणून ठेवलेली रताळी त्यांत पुरली, आणि थोड्या वेळानं राख झटकून ती सुपात घालून घेऊन आली. उपासाच्या माणसानं एकट्यानं खाऊ नये म्हणून तीही परसातल्या दगडावर टेकली. गरम साल बोटांना चटके देत होती. मास्तरांनी फुंकर घालून एक रताळं खाल्लं, मग दुसरं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण अव्वाच्या चुलीवरचं खाल्लं.

शुक्रवारी लिदिया दाजीबानपेठेत गेली, शेंगदाणे आणि केळी घेऊन आली. दाणे तिनं आपल्या चुलीवर भाजले, पाखडले, आणि सूप परसातल्या त्याच दगडावर नेऊन ठेवलं. तानूबाई बराच वेळ सुपाकडे बघत राहिली. मग तिनं मूठभर दाणे उचलले.

"भाजलेल्याला दोष न्हाई," ती चघळता चघळता म्हणाली, जणू समोर गावचे पंच बसले होते. "उपासाच्याला तर न्हाईच न्हाई. कुणी विचारलं तर सांगीन तसं."

त्यानंतर बुधवार-शुक्रवारी तिघं एका सुपाभोवती बसू लागली. कधी रताळी, कधी दाणे, कधी गुळाचा खडा. अंधार पडेपर्यंत बोलणं चाले. तुमचा प्रभू कशासाठी उपाशी राहिला होता, असं तानूबाईनं एकदा विचारलं, तेव्हा मास्तरांनी ओसाड रानातल्या चाळीस दिवसांची गोष्ट सांगितली. धोंड्यांच्या भाकरी कर म्हणून सैतान कसा मागे लागला तेही सांगितलं. म्हातारीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"आई नव्हती संगं?"

"नव्हती."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि रताळ्याची साल काढू लागली.

मास्तर सुखी होते, आणि त्याच गोष्टीनं त्यांची झोप उडाली. मंगळवारी त्यांना बुधवारची ओढ लागे. देहाला शिक्षा म्हणून जे दिवस पाळायचे, त्यांची आपण सणासारखी वाट पाहतो, हा कसला उपास? आणि पुढे काय? चाळीस दिवस संपले, पुनरुत्थानाचा रविवार आला, की उपास सुटणार. पुन्हा दोन धूर, आणि मध्ये पुस्तक घेऊन आपण.

तशात जोयेलअण्णांनी कुंपणावरून सूप पाहिलं. रविवारी देवळाच्या पायऱ्या उतरताना ते चारचौघांत म्हणाले, "काय मास्तर, एकादशी कशी चाललीय? आम्हांलाही सांगा, पोट भरून उपास कसा करायचा ते." लोक हसले. मास्तरांना उत्तर सुचलं, पण ते घरी पोचल्यावर.

पुढच्या शुक्रवारी येशुदास पाळक स्वतःच परसात येऊन उभे राहिले. अंगात काळा कोट, हातात काठी, कानडी वळणाचं मराठी. मास्तर धडपडत उठले आणि कुणी न विचारताच सांगू लागले. आईचं न जेवणं, रताळी, भाजलेले दाणे, सगळं एका दमात. आणि शेवटी, ज्याची खरी टोचणी होती तेही. "पाळकसाहेब, मी उपासाच्या दिवसाची वाट बघतो. हा उपास झाला का?"

तानूबाईनं एक रताळं पाळकांच्या ओंजळीत वरून टाकलं होतं; ते या हातातून त्या हातात झेलत दगडावर टेकले. त्यांचे वडील लिंगायत होते. बाप्तिस्म्यानंतर ते मुलाला भेटले नव्हते, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे तुम्ही सोडलेलं नाही, मास्तर," ते सावकाश म्हणाले. "हे तुम्हांला मिळालंय. त्याबद्दल आभार माना आणि खा. सोडायचं काही असेल ते वेगळंच असेल. ते मला ठाऊक नाही, तुम्हांलाच ठाऊक."

मग त्यांनी तानूबाईला रताळ्याचा भाव विचारला, आणि जाताना सांगून गेले, की जोयेलअण्णाचं मनावर घेऊ नका, त्यालाही एखादं द्या.

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. तपकीर सोडली होती. पुस्तकं सोडावीत काय? आठवडाभर त्यांनी फडताळाला हात लावला नाही आणि त्यांची चिडचिड तेवढी वाढली. उपवासकाळाचा शेवटचा आठवडा, दुःखसप्ताह, लागला, तेव्हा ते एका निश्चयाला आले होते. पुनरुत्थानाच्या दिवशी दुपारी आईच्या पाया पडायचं, आणि आज एक दिवस आमच्या पंक्तीला बस, एवढं मागणं मागायचं. इतक्या दिवसांच्या सहवासानंतर ती नाही म्हणणार नाही, असं त्यांना वाटत होतं. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी ते लिदियाला सांगितलं.

लिदिया तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मागू नका," ती म्हणाली. "त्या हो म्हणतील. तुमच्यासाठी जेवतील. आणि मग त्यांना ओढ्यावर कोण नेईल? तुम्ही आणि जोयेलअण्णा?"

मास्तर उंबऱ्यावर टेकले.

"त्यांचं एवढं एकच मागणं आहे, तेही तुम्ही घेणार. आणि त्यांनी भाकरी दिली होती, ती तुम्ही नको म्हणालात. ती तेवढी घ्या की." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "रताळी खाल्लीतच ना?"

प्रभूला क्रूसावर दिल्याच्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, दुपारभर देवळात उपासना चालली. घंटा बंद होती. वेदीवरचं कापड काढून घेतलं होतं. क्रूसावर असतानाच प्रभूनं आपल्या आईची व्यवस्था शिष्याकडे कशी लावली, तो भाग पाळकांनी वाचला. मास्तरांनी तो मुलींना कित्येकदा शिकवला होता. शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं, इथपर्यंत सगळे येऊन थांबत. घरी नेल्यावर कोण कुणाच्या चुलीवरचं जेवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांना ती टोपलीत परत गेलेली भाकरी दिसली. तिची कड जरा करपली होती. एवढं आपल्या लक्षात कसं राहिलं, याचं त्यांना नवल वाटलं. आणि मग एवढी वर्षं आपण आईच्या अडचणीबद्दल दुःख करत बसलो, ते दुःख होतं की हट्ट, हेही त्यांना बसल्या जागी कळलं. कळून चैन पडेना. हट्ट त्यांचा जुना सोबती होता. तपकिरीसारखा तो शब्दकोशामागे सारता येण्यासारखा नव्हता.

रविवारी पहाटे मंडळी रीतीप्रमाणे दफनभूमीत जमली. कबरींवर मेणबत्त्या लावून सगळ्यांनी गीतं म्हटली, आणि उजाडल्यावर एकमेकांचे हात हातात घेतले. जोयेलअण्णांनी मास्तरांचा हात जरा जास्तच वेळ धरला आणि रताळी गोड होती म्हणाले. घरी येऊन लिदियानं मटण शिजत घातलं. दुपारी वास आवारभर पसरला.

मास्तरांनी फळीवरून एक रिकामं ताट घेतलं आणि परसात गेले. तानूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बाजूला पिठल्याचं भांडं होतं. मास्तर तिच्यापासून थोडं अंतर राखून मांडी घालून बसले आणि त्यांनी ताट पुढे ठेवलं.

"अव्वा, वाढ."

तिचे हात थांबले. "आत मटण शिजलंय. मला वास आलाय."

"ते नंतर."

"मी तुझं अजून खाल्लं न्हाई, परशा." त्यांचे ते शब्द तिनं इतकी वर्षं जपून ठेवले होते.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "तू खाऊ नको. मला वाढ."

तानूबाईनं तव्यावरची भाकरी काढली. ताटाला हात लागू नये म्हणून ती वीतभर वरून सोडली. भाकरी कडेवर आपटली आणि अर्धी बाहेर राहिली. मास्तरांनी ती नीट केली. पळीनं पिठलं वरूनच पडलं, मिरचीही. त्यांनी घाईघाईनं मोठा घास मोडला.

"उपास सुटतोय, सावकाश खा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. धूर होताच.

मागून लिदिया आपलं ताट घेऊन आली आणि नवऱ्याशेजारी बसली. तानूबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"हिची बी शपथ होती व्हय?"

"नाही, अत्ती," लिदिया म्हणाली. "मला कधी कुणी विचारलंच नाही."

म्हातारी हसली, परातीत आणखी पीठ घेतलं आणि पाण्याचा हात लावून मळू लागली. दोघांना पुरतील एवढ्या भाकऱ्या झाल्या, तेव्हा कोपऱ्यातलं एक रताळं तिनं स्वतःसाठी निखाऱ्यांत सारलं, आणि सुनेला म्हणाली, की दाणे भाजलेले असतील तर घेऊन ये, मीबी बसते.