अवांतुलची शंभर वर्षं

अवांतुल प्रुनीश हा फुटबॉल क्लब चार वर्षांपूर्वी स्थापन झाला आणि गेल्या जूनमध्ये त्याला शंभर वर्षं पूर्ण झाली. रोमानियात, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी प्रुनीश नावाचं गाव आहे, तिथली ही गोष्ट. त्या गावात माणसांपेक्षा आलुबुखारची झाडं जास्त, आणि झाडांपेक्षा फुटबॉलबद्दलची मतं जास्त.

क्लब काढला तोदेर बर्सानने. तोदेर शाळेची बस चालवायचा आणि बाजाराच्या दिवशी तीत गावकऱ्यांनाही न्यायचा. वय बावन्न, पोट गोल, स्वभाव असा की रस्त्यात बकरी आडवी आली तरी तिची विचारपूस करून पुढे जायचा. एका गुरुवारी त्याने दहा जणांना दूध डेअरीच्या अंगणात गोळा केलं आणि जाहीर केलं, "आपण अकरा आहोत. म्हणजे संघ झाला." हे काही कुणाला खोडून काढता येईना. जर्सीसाठी त्याच्या बायकोने, सावेताने, अकरा जुने सदरे अक्रोडाच्या हिरव्या सालींच्या पाण्यात उकळले. सदरे तपकिरी झाले आणि तिचे हातही. अवांतुल म्हणजे तिकडच्या भाषेत मुसंडी. हे नाव तोदेरने ठेवलं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आयुष्यात त्याला कशाचंतरी नाव ठेवायला मिळालं ते हे एवढंच.

पहिल्याच वर्षी अवांतुलने पाचवी श्रेणी जिंकली, म्हणजे सगळ्यात खालची. तोदेर फुशारकीने जिल्ह्याच्या फुटबॉल कचेरीत पुढच्या श्रेणीचा अर्ज द्यायला गेला. तिथे खिडकीमागे झेनोवियाबाई बसायच्या. त्या माणसांकडे बघत नसत, फक्त कागदाकडे बघत.

"चौथ्या श्रेणीच्या क्लबला किमान वीस वर्षांचा इतिहास लागतो," त्या म्हणाल्या.

"आमचा क्लब एक वर्षाचा आहे, बाई."

"होईल," झेनोवियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस वर्षं झालेली होती. मार्चमध्ये बांधलेल्या लाकडी गॅलरीचा रंग उडाला होता आणि बाकांना बसणाऱ्यांच्या बुडाचे खळगे पडले होते. डेअरीवाला आणि पोस्टमन एकमेकांशी बोलेनासे झाले होते, कारण चौदा वर्षांपूर्वी एकाने दुसऱ्याला पेनल्टी मारू दिली नव्हती. क्लबच्या खोलीत भिंतभर फोटो लागले होते. सगळ्यात जुन्या फोटोत तेहतीस वर्षांचा तोदेर खुर्चीत बसून स्थापनेच्या कागदावर सही करत होता. तोदेर हरखून गेला. जुन्या कोटाच्या खिशात हातमोजा सापडावा तसा तो दिवस त्याला हळूहळू आठवायलाही लागला.

"केस किती होते रे तुला," सावेता म्हणाली.

पुढच्या वर्षी त्यांनी चौथी श्रेणी जिंकली. झेनोवियाबाईंनी पन्नास वर्षं मागितली आणि सकाळी ती आली. गावातल्या पाच म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि ते दुखणं क्लबसाठी खेळताना झालेलं आहे हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगू लागले. फोटोत आता चार वर्षांचा तोदेर होता. तो अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता, पाय जमिनीला पोचत नव्हते, मुठीत टाक होता, आणि मागे दहा मोठाले पुरुष टोप्या काढून उभे होते. सही मात्र सराईत होती.

"पोर पहिल्यापासूनच हुशार," पाचही म्हाताऱ्यांनी एकमताने सांगितलं. तोदेर लाजला.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तिसरी श्रेणी जिंकली, पंच्याहत्तर वर्षं आली, आणि फोटोतली खुर्ची रिकामी झाली. टेबल होतं, टाक होता, दहा पुरुष होते. ते सगळे रिकाम्या खुर्चीकडे प्रेमाने बघत होते.

तोदेर तडक कचेरीत गेला.

"बाई, मी फोटोत नाही."

"संस्थापक त्या दिवशी गैरहजर होते असं दिसतं."

"मी जन्मलो नव्हतो."

"कारण लिहायला रकाना नाही," झेनोवियाबाई म्हणाल्या. "एकदा चालतं. पहिल्या श्रेणीला चालणार नाही."

तोदेर काळजीत पडला. पण काळजी करत बसायला त्याला वेळ कुठे होता! दुसरी श्रेणी सुरू झाली आणि अवांतुल जिंकतच सुटला. दर विजयानंतर गॅलरीला एक ओळ वाढायची, आणि वाढलेल्या ओळीत माणसं आधीच बसलेली असायची, सूर्यफुलाच्या बिया सोलत. तुम्ही कोण, कुठून आलात, असं प्रुनीशमध्ये कुणी त्यांना विचारलं नाही. आल्यागेल्याला असं विचारायची तिथे पद्धत नाही. फक्त सालांचा ढीग झाडायला आणखी दोन बायका लागल्या.

मैदानाबाहेर फानिका कोळशावर खिम्याचे मुटके भाजायचा. मुटके फक्कड करायचा, आणि बोलायचाही फार. एकदा मुटक्यांवर मोहरीची चटणी घालता घालता तो तोदेरला म्हणाला, "नेआ तोदेर, माझे आजोबा पांतेलिमोन त्या दिवशी तिथेच होते म्हणे." नेआ म्हणजे आपल्याकडचं काका.

"कुठे?"

"स्थापनेला. बघ ना जाऊन."

तोदेरने जाऊन बघितलं. फोटोच्या डाव्या कडेला एक उंच, मिशाळ माणूस उभा होता. काल तो नव्हता. पुढच्या विजयानंतर तो एक पाऊल खुर्चीकडे सरकला. त्याच्या पुढच्या विजयानंतर आणखी एक. एप्रिलमध्ये त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," फानिका म्हणाला आणि त्याने तोदेरला दोन मुटके जास्त वाढले. तोदेरने ते खाल्ले. मुटक्यांवर राग काढण्याइतका तो वेडा नव्हता. पण त्याला रागही आला होता आणि रडूही.

आता कुणी म्हणेल, मग एखादा सामना हरायला सांगायचं पोरांना. तोदेरच्या मनात ते आलंही, एकदा, दात घासताना. तो स्वतःलाच इतका लाजला की त्याने पुन्हा दात घासले.

शेवटचा सामना मेमध्ये झाला, सखल मुलखातल्या एका शहराच्या संघाशी. एक-एक अशी बरोबरी होती आणि तीन मिनिटं उरली होती. तेव्हा पोस्टमनने मान वर केली, डेअरीवाल्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला पास दिला. डेअरीवाला गोंधळला. तशाच गोंधळलेल्या अवस्थेत त्याने गोल केला. तोदेर कुणालातरी मिठी मारून ढसाढसा रडला, आणि मिठी सोडल्यावर त्याला दिसलं की तो फानिका होता.

झेनोवियाबाईंनी अर्ज खिडकीतून पुढे सरकवला.

"शंभर वर्षांच्या क्लबचा संस्थापक दिवंगत असतो. नाहीतर तो दुसरा कुणीतरी असतो. दोन चौकोन आहेत, एकात फुली करा. मुदत आठ दिवस."

"दुसरा कुणीतरी असला तर मी कोण?"

त्यांनी एक जाड वही उघडून बघितली. "बसचालक," त्या म्हणाल्या.

अर्ज आठवडाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून होता. सावेता त्याच्याभोवतीने टेबल पुसायची.

"दिवंगत म्हणजे कितपत?" तिने एकदा विचारलं.

"बाईंनी सांगितलं नाही."

"पहिली श्रेणी बघायला मिळेल तुला?"

"बघायला बहुतेक मिळेल."

सावेताने फडकं पिळलं. "नको करूस फुली," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, कर. चार वर्षं हे माझे हात तपकिरी आहेत, ते त्या पांतेलिमोनसाठी नाही. पण एक सांगून ठेवते. दिवंगत झालास तरी बूट बाहेर काढूनच घरात यायचं."

आठव्या दिवशी दुपारी तोदेर क्लबच्या खोलीत गेला. फोटोतल्या पांतेलिमोनने गुडघे वाकवले होते. त्याची विजार आणि खुर्ची यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं. तोदेरने भिंतीला कागद टेकवला आणि 'दिवंगत'च्या चौकोनात फुली केली.

सकाळी शंभर वर्षं झाली होती. फोटोत तोदेर खुर्चीत बसला होता, ऐन उमेदीतला, आयुष्यात कधी न ठेवलेली मिशी ठेवून. पांतेलिमोन मागे तोंड पाडून दौत धरून उभा होता. तोदेरला इतकं बरं वाटलं की तो मोठ्याने हसला.

शेजारी उभ्या असलेल्या पोस्टमनने टोपी काढली. "काय छान हसायचा," तो म्हणाला.

सुरुवातीला दिवंगत असण्याचे फायदेच जास्त होते. तिकडे मेलेल्याच्या नावाने गहू उकडून, त्यात साखर आणि अक्रोड घालून गोड खाऊ करून वाटतात. गावातल्या बाया तोदेरच्या नावाने तो करत, आणि तोदेर घरोघर जाऊन वाटीभर खाऊन येत असे. सावेताने केलेला सगळ्यात चांगला, असं त्याचं प्रामाणिक मत पडलं. शिवाय गाव त्याचं ऐकायला लागलं. पूर्वी तो गॅलरीतून ओरडून सांगायचा, की डावीकडून खेळा रे, तर कुणी लक्ष द्यायचं नाही. आता त्याने सरावाच्या वेळी नुसतं म्हटलं, "डावीकडून बरं पडेल," की डेअरीवाला थांबून म्हणायचा, "तोदेर असता तर त्याने हेच सांगितलं असतं." आणि सगळे डावीकडून खेळायला लागायचे.

जूनच्या शेवटी गॅलरीत त्याच्या जागेवर पितळी पाटी बसवली आणि दोन्ही बाजूंनी फीत बांधली. त्या जागेवर बसायला मनाई होती. तोदेर बसायला गेला तेव्हा रखवालदाराने त्याला नम्रपणे उठवलं. तो सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहू लागला. बाजाराच्या दिवशी त्याच्या बसमधून जाणारे लोक आपसात म्हणत, की हल्ली बस आपली आपण जाते, पण वेळेवर जाते, तक्रार नाही.

जुलैत 'तोदेर असता तर' म्हणणंही कमी झालं. तो बोलला की लोक खिडकी उघडी राहिली आहे का बघत, मग हसून आपल्या कामाला लागत. फानिका मुटके भाजताना अजून एक ताटली बाजूला ठेवायचा, पण ती कुणाच्या हातात द्यायची हे त्याला कळत नसे.

"सावेता," एका संध्याकाळी जेवताना तोदेर म्हणाला, "पहिला सामना शनिवारी आहे."

सावेताने ताटातून वर बघितलं. "जरा मोठ्याने बोल रे," ती म्हणाली. "मला हल्ली अर्धंच ऐकू येतं."

त्याने मोठ्याने सांगितलं. तिने मान हलवली आणि विचारलं, "शनिवारी काय?"

शनिवारी राजधानीचा संघ आला. गॅलरी आता आलुबुखारच्या बागेपर्यंत पोचली होती आणि शेवटच्या ओळीतले लोक झाडांतून माना बाहेर काढून बघत होते. सगळ्यांच्या अंगात तपकिरी सदरे होते. झेनोवियाबाईसुद्धा आल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर बघत होत्या. तोदेरला वाटलं, आपण केलं हे. चार वर्षांत किंवा शंभर वर्षांत, पण हे आपण केलं. त्याचा ऊर भरून आला.

दोन्ही संघ मधल्या वर्तुळात उभे राहिले. संस्थापक तोदेर बर्सान यांच्या स्मरणार्थ एक मिनिट शांतता पाळावी, असं कर्ण्यातून सांगितलं गेलं. सगळे उठले. बिया सोलायच्या थांबल्या. तोदेरनेही टोपी काढली, कारण न काढणं बरं दिसलं नसतं. इतकी माणसं एका वेळी आपल्यासाठी गप्प आहेत, हे त्याला खूप आवडलं, आणि मिनिटाच्या शेवटी शेवटी नकोसं झालं.

पंचांनी शिट्टी वाजवली. मिनिट संपलं होतं.

कुणी खाली बसेना. कुणी ओरडेना. चेंडू मध्यावर होता आणि पोस्टमनने त्याच्यावर पाय ठेवला होता, पण तो लाथ मारेना. अवांतुलच्या प्रत्येक सामन्यात पहिली आरोळी तोदेर द्यायचा. "चल रे अवांतुल!" असं तो ओरडला की मगच गॅलरी ओरडायची आणि मगच चेंडू हलायचा. शंभर वर्षांत एकदाही ती आरोळी दुसऱ्या कुणी दिली नव्हती. पंचांनी पुन्हा शिट्टी वाजवली. राजधानीचे खेळाडू एकमेकांकडे बघू लागले. फानिका चिमटा हवेत धरून थांबला होता. पहिल्या ओळीत सावेताने मान वळवली, खालच्या पायरीकडे, तोदेरच्या जरा डावीकडे बघितलं, आणि आपला तपकिरी हात कानामागे धरला.

तोदेरने पोटापर्यंत श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं.