मागे बसणाऱ्यांना घेऊन या

नवे शॉकअप गुरुवारपासून जेवणाच्या टेबलावर तेलकट कागदात गुंडाळून पडले होते. शनिवारी सकाळी पोळ्यांचा डबा ठेवायला जागा शोधताना कुसुमताई थबकल्या.

"अहो, हे दोघे पाहुणे जेवायला थांबणार आहेत का? म्हणजे तशी कणीक भिजवते."

"मागच्या चाकाचे आहेत ते," शरच्चंद्र वर्तमानपत्राआडून म्हणाले. "गॅसचे. तुझ्यासाठीच आणलेत."

"बायकोला काय आणावं हे तुम्हाला कधी कळलंच नाही," असे म्हणून कुसुमताईंनी डबा त्या पाहुण्यांना खेटून ठेवला. पण ठेवताना कागदाचे एक टोक उचलून त्या चकचकीत स्प्रिंगकडे हळूच पाहूनही घेतले.

रस्त्याचा धक्का मोटारसायकलवर बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, एवढेच शॉकअपचे काम. चार महिन्यांपूर्वी ओल्या जिन्यावरून कुसुमताईंचा पाय घसरला, कमरेचा मणका दुखावला, आणि हिंडाफिरायची परवानगी देताना डॉक्टरांनी एकच अट घातली: धक्के नकोत. गाडीचे जुने शॉकअप तर केव्हापासून तेल गाळत होते. वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीपासून हमरस्त्यापर्यंत पाच गतिरोधक होते, आणि पाचही जण कुसुमताईंच्या कमरेला नावानिशी ओळखत. तेव्हापासून मागची सीट रिकामी होती.

तशी ती रिकामी राहण्याने जगाचे काही अडत नव्हते. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, आधी स्कूटरवरून आणि गेली चौदा वर्षे या मोटारसायकलवरून, दर शनिवारी संध्याकाळी दोघे खडकवासल्याच्या धरणावर जात आणि एक भाजलेले कणीस निम्मेनिम्मे खात. कणसाचे निमित्त. खरे सुख वाटेतले होते. उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून कुसुमताई त्याच्या डाव्या कानाशी बोलत राहत. घरात समोरासमोर कधी न निघणारे विषय त्या वाटेवर आपोआप निघत. मध्यंतरी एकदा दोघे रिक्षाने जाऊन आले. शेजारी शेजारी बसल्यावर काय बोलावे ते दोघांनाही सुचले नाही.

त्यामुळे शॉकअप बदलायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो कोणी बदलायचे याचा.

शरच्चंद्रांनी एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले होते. घरातला पंखा, मिक्सर, नळ यांना त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. जमणारे काम दुसऱ्याकडे देणे त्यांना कॉपी करून पास होण्यासारखे वाटे. दुसऱ्या बाजूला होता अय्युब. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्याचे गॅरेज होते आणि त्याच्या वडिलांनी, अल्लाबक्ष मिस्त्रींनी, शरच्चंद्रांची पहिली स्कूटर सांभाळली होती. शुक्रवारी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "सर, गाडी घेऊन या. आणि मागे बसणाऱ्यांनाही घेऊन या."

"चार नट आहेत," शरच्चंद्र आता म्हणाले. "अय्युब काही पाचवा आवळणार नाही. तासाभराचं काम, मीच करतो."

"त्यानं मलाही बोलावलंय ना?"

"ती बोलायची पद्धत असते, कुसुम."

"अय्युबला कसल्या आल्यात पद्धती? गेल्या दिवाळीत तो तुम्हाला तोंडावर म्हणाला होता, सर, क्लच तुम्हीच बिघडवलात."

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. निर्णय झाला होता.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. काढलेला प्रत्येक नट स्टीलच्या वाटीत क्रमाने ठेवला, कोणता वायसर कुठला हे कागदावर चितारून घेतले. तळमजल्यावरचे दीनानाथ चहाचा कप घेऊन बाहेर आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "प्रॅक्टिकल छान चाललंय. जर्नल तपासायला कोण येणार?"

उत्तर न देण्याइतके शरच्चंद्र कामात बुडाले होते, कारण एक फार सुंदर मुद्दा त्यांच्या ध्यानात आला होता. नव्या शॉकअपवर स्प्रिंग कमी-जास्त कडक करण्यासाठी पाच खाचा होत्या. कुसुमताई साडी नेसून एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसत. म्हणजे भार डावीकडे अधिक. मग डावा आणि उजवा शॉकअप सारखा का ठेवायचा? त्यांनी कागदावर बाण काढले, आकडेमोड केली, आणि डावा चौथ्या खाचेवर, उजवा दुसऱ्या खाचेवर बसवला. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकाही मेकॅनिकला सुचू नये याचे त्यांना थोडे नवलही वाटले. मागे तांदळाचे पोते बांधून त्यांनी सोसायटीला चक्कर मारली. पोत्याची काही तक्रार नव्हती.

संध्याकाळी कुसुमताई चार महिन्यांनी मागे बसल्या. खांद्यावर हात पडला, तसे शरच्चंद्रांना एकदम हलके वाटले. पहिला गतिरोधक गेला. दुसऱ्याला गाडीचा मागचा भाग किंचित वळवळला आणि खांद्यावरची बोटे आवळली गेली. तिसऱ्यानंतर कानाशी हळूच शब्द आले, "थांबा जरा."

त्या उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. टोमणा मारला नाही. तो मारला असता तर शरच्चंद्रांना इतके वाईट वाटले नसते.

"धक्का कमी झालाय हो," त्या त्यांचीच समजूत काढत म्हणाल्या. "पण गाडी मला ढकलून देतेय असं वाटतं." मग थोड्या वेळाने, "उद्या जाऊ या अय्युबकडे. दोघंही."

सोमवारी दुपारी पुढे मोटारसायकल आणि मागे कुसुमताईंची रिक्षा, अशी वरात स्वारगेटला पोहोचली. अय्युबने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला आणि नटांवरून बोट फिरवले.

"कोणी बसवले, सर?"

"मी."

"काम साफ आहे." तो आणखी वाकला. "आणि हे डावं चारवर, उजवं दोनवर?"

शरच्चंद्रांनी बाणांसकट सगळे समजावून सांगितले. अय्युबने ते मन लावून ऐकले, मान डोलावलीदेखील.

"हिशोब बरोबर असंल सर. पण दोन्हींच्या खाली चाक एकच आहे ना! अब्बा म्हणायचे, शॉकअपची जोडी म्हणजे चौरंगाचे पाय. एक उंच केला, की बसणारा कलणारच."

त्याने दोन्ही शॉकअप तिसऱ्या खाचेवर आणले. शरच्चंद्रांना वाटले, झाले. पण अय्युब हात पुसून कुसुमताईंकडे वळला. "वहिनी, आता बसा. रोज बसता तशाच. पर्ससुद्धा घ्या मांडीवर." त्याच्या मदतनिसाने पुढचे हँडल घट्ट धरले, शरच्चंद्रांना त्यांच्या जागी बसवण्यात आले, आणि अय्युबने सीट मागून दाबून गाडी चारसहा वेळा खालीवर केली.

"आता सांगा, कुठं लागतं?"

कुसुमताई क्षणभर गोंधळल्या. परीक्षेत अनपेक्षित प्रश्न यावा तशा.

"पाठीत नाही लागत," त्या सावकाश म्हणाल्या. "पाय टेकत नाही. ही पायपट्टी खाली आहे, नुसते चवडे पोचतात. मग मी कमरेनं तोल धरते."

शरच्चंद्रांनी मान वळवली. "कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

"चौदा वर्षं? बोलली नाहीस कधी!"

"तुम्ही कुठं विचारलंत?" त्या म्हणाल्या. आवाजात रुसवा नव्हता. चहात साखर किती हे सांगावे, तितक्या सरळपणे त्या बोलल्या होत्या. "आणि त्या वाटेवर दुसरं इतकं बोलायचं असायचं."

बाणांचा तो कागद अजून शरच्चंद्रांच्या खिशात होता. त्यावर भार होता, कोन होता, स्प्रिंग होती. माणूस तेवढे तांदळाच्या पोत्यासारखे काढलेले होते.

अय्युबने पायपट्टीचे दोन बोल्ट सैल केले, ती चार बोटे वर घेतली, कुसुमताईंचा तळवा पुरता टेकल्याची खात्री केली आणि पाना शरच्चंद्रांपुढे धरला.

"आवळा सर, तुम्हीच. तुमचा हात चांगला आहे. फक्त आधी वहिनींना विचारत चला."

शरच्चंद्रांनी खाली बसून बोल्ट आवळले. दोन्ही वेळा मान वर करून विचारले, "ठीक?" आणि दोन्ही वेळा कुसुमताईंनी परीक्षकाच्या गांभीर्याने मान हलवली.

परतताना रिक्षा केली नाही. दांडेकर पुलाजवळच्या पहिल्या खड्ड्याला शरच्चंद्रांनी विचारले, "लागलं?" दुसऱ्याला पुन्हा विचारले. तिसऱ्याला कुसुमताई म्हणाल्या, "चौदा वर्षांचं सगळं आजच विचारणार का? पुढे बघा." खांद्यावरचा हात मात्र सैलच होता.

राजाराम पूल आला. उजवीकडे वारज्याची वाट. शरच्चंद्रांनी वळण्यासाठी दिवा लावला, तोच डाव्या कानाशी आवाज आला, "सरळ."

"अगं, आज सोमवार आहे."

"मग? सोमवारी कणसं भाजत नाहीत?" कुसुमताई म्हणाल्या, आणि लगेच, मधले चार महिने जणू गेलेच नव्हते अशा सुरात, "बरं, ऐका. शेजारच्या आनंदीच्या मुलीचं मी तुम्हाला सांगितलंच नाही..."