रोक्काव्हेर्नाचा जिना

“आणि काका, ही वर भिंतीत भोकं दिसतात ना? इथून उकळतं तेल ओतायचे खाली. शत्रूच्या डोक्यावर. डायरेक्ट!”

‘डायरेक्ट’ म्हणताना संजयने ओतण्याची अशी काही नक्कल केली की एकनाथकाकांचा हात आपसूक स्वतःच्या टकलावर गेला. दिवाणखान्यात हशा पिकला. इकडे स्वयंपाकघरात नीला डाव्या हाताने मिसळीचा कट ढवळत होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पातेलं मोठं, वर लाल तर्री, खाली रटरट चालू. उकळतं तेल हे शब्द कानावर पडले तशी तिने पातेल्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग गॅस बंद केला.

ट्रिपहून परत आलं की फोटो दाखवायचे, हा अमेरिकेत पार्सिपनीतल्या त्यांच्या मराठी ग्रुपचा शिरस्ता. जे गेले त्यांनी खायला घालायचं, जे गेले नाहीत त्यांनी खात खात ‘वा वा’ म्हणायचं, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात उरलेल्याचा डबा द्यायचा. डबा न घेता कोणी गेलं तर नीलाला चुकल्यासारखं व्हायचं. या वेळची ट्रिप इटलीची होती. समुद्रापासून थोडं आत, डोंगराच्या टोकावर वसलेलं रोक्काव्हेर्ना नावाचं जुनं गाव. तटबंदी, वेशी, अरुंद बोळ आणि जिकडे पाहावं तिकडे दगडी जिने. संजय-नीला आणि प्रसाद-रेणू असे चौघे गेले होते. प्रसादचे वडील एकनाथकाका नागपूरहून आले होते, पण गुडघ्यांपायी घरीच राहिले. राजेश आणि अहिल्या हे ग्रुपमधलं तरुण जोडपं व्हिसाच्या भानगडीत अडकलं होतं. तेव्हा आजचे प्रेक्षक हे तिघं.

संजय म्हणजे लाख माणूस, असं तुम्हाला कोणीही सांगेल. पहाटे कोणाला एअरपोर्टवर सोडायचं असो, संजय हजर. बर्फ पडला की आधी शेजारच्या म्हातारीचा ड्राइव्ह-वे साफ करणार, मग स्वतःचा. गणपतीत आरतीला त्याचा आवाज सगळ्यात वर. त्याच आवाजाचा माणूस घरात बायकोला बदडतो, हे सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. मारायचा तेही बाहीखाली झाकेल असं. एकदा कुकरच्या झाकणाने. एकदा गॅरेजमध्ये त्याने तिची मान गाडीच्या बॉनेटवर दाबून धरली होती, डोळ्यांपुढे काळोख येईपर्यंत, आणि त्यानंतर त्याच गाडीतून दोघं एका बारशाला गेली होती. बारशात संजयने सगळ्यांना हसवून बेजार केलं. नीलाने गळ्याला स्कार्फ गुंडाळला होता. छान दिसतोय गं, असं रेणूच तिला म्हणाली होती.

त्याचं डोकं फिरायला कारण फार लागत नसे, पण एक कारण हुकमी होतं. चारचौघांत त्याला खोडून काढलेलं त्याला खपत नसे. तिथे तो हसायचा, आणि पाहुण्यांची शेवटची गाडी वळली की हिशेब चुकता करायचा. लोकांसमोर त्याने कधी बोट लावलं नव्हतं. रोक्काव्हेर्नात मात्र त्याचा अंदाज चुकला.

त्या दिवशी त्याने भाड्याची गाडी सरळ वेशीतून आत घातली. “संजय, गाडी आत न्यायची नाही, पाटी आहे,” असं नीला मागच्या सीटवरून म्हणाली. त्याने ऐकलं नाही. बोळात गाडी अडकली, आरसा फुटला, माणसं जमली, आणि अख्खा बोळ त्याला रिव्हर्समध्ये बाहेर काढावा लागला. प्रसाद पोट धरून हसला. संध्याकाळी समुद्राकडच्या वेशीचा जिना उतरत होते. प्रसाद फोटो काढत पुढे गेला होता. संजय नीलाच्या कानाशी आला, “आता वाच पाटी,” म्हणाला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा लावून त्याने तिला ढकललं.

हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. दगडावर गाल आपटला, तोंडात रक्ताची चव आली. मान वळवून वर पाहिलं तर वळणावर रेणू उभी, हातात पाण्याची बाटली. दोघींची नजरानजर झाली. रेणूने सगळं पाहिलं होतं, यात नीलाला तिळमात्र शंका नव्हती. आणि रेणू म्हणाली, “अगं बाई, घसरलीस ना! सँडल बघ कसली घातलीयेस!”

मोडलेल्या हाडापेक्षा नीलाला ते वाक्य जास्त लागलं. पुढे सगळ्यांनी तेच उचललं. नीला घसरली. दूर शिकायला असलेल्या लेकीलाही संजयने तिला फोनवर हेच सांगायला लावलं. परत आल्यावर हाडांच्या डॉक्टरकडे नर्सने तिथे प्रत्येक बाईला विचारतात तो प्रश्न विचारला, “डू यू फील सेफ अ‍ॅट होम?” शेजारी बसलेला संजय मोकळेपणाने हसला. “होम इज सेफ! इट्स द स्टेअर्स इन इटली!” नर्सही हसली. नीला ‘येस’ म्हणाली. ती स्वतः एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. तिच्यासमोर बाया बाही वर करत, कधीकधी दंडावर बोटांचे निळे वळ असत, आणि ती ‘स्मॉल पिंच’ म्हणून दुसरी शीर शोधायची. ती तरी कुठे कोणाला काही विचारत होती?

काल मटकी उपसताना तिने ठरवून टाकलं. संजय मारणार हे नक्की. फक्त आज पाहुणे जाण्याआधी त्याने मारायला हवं होतं.

अहिल्याने मिसळीच्या वाट्या बाहेर नेल्या, तशी ती दिवाणखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिने दाराची चौकट धरली.

“तेल नाही, संजय. दगड,” ती म्हणाली. “गाईड म्हणाली ना, तेल महाग होतं. दगड टाकायचे.”

“हे पटते, बाप्पा!” एकनाथकाका खूश झाले. “तेल कोण वाया घालवते!”

“बरं, दगड तर दगड,” संजय हसला. “आज मॅडम एकदम फॉर्मात आहेत.”

पुढचा फोटो एका उंच घराचा होता. दार जमिनीपासून पुरुषभर वर. शत्रू आला की आतली माणसं शिडी ओढून घेत, मग बाहेरच्याची काय बिशाद, असं संजय रंगवून सांगत होता. गाईडनेही तेव्हा हेच कौतुकाने सांगितलं होतं. शत्रू आतच राहायला असला तर काय करत, हे नीलाला विचारायचं होतं. ते राहूनच गेलं.

मग फुटलेल्या आरशाचा फोटो आला.

“हे रेंटलवाले यार, नुसते लुटतात,” संजय म्हणाला. “आता पाटीच नाही कुठे, तर माणसाला कळणार कसं?”

“पाटी होती. मी तुला सांगितलंही होतं,” नीला म्हणाली. “तू ऐकलं नाहीस. मग ती खिडकीतली आजी तुला शिव्या देत होती, आठवतं ना प्रसाद?”

प्रसाद फस्सकन हसला, आणि संजयचा चेहरा पाहून हसता हसता थांबला. रिमोटवर संजयचा अंगठा दाबून पांढरा पडला होता. माणसांच्या शिरा बघण्यात नीलाचा जन्म गेला होता. संजयच्या कानाखालची शीर तटतटून वर आलेली तिला इतक्या लांबूनही दिसत होती. आता गप्प बसावं, आत जाऊन पाव गरम करावेत, असं तिला अगदी आतून वाटलं.

“नीला, लिंबू आहे का गं?” रेणूने घाईघाईने विचारलं.

“तुझ्यासमोरच आहे, रेणू.”

रेणूने लिंबाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“चला, आता क्लायमॅक्स!” संजयचा आवाज चढला होता. “हा तो फेमस जिना! इथे आमच्या मॅडमनी...”

“मी घसरले नाही.”

अहिल्याचा चमचा वाटीत तसाच राहिला.

“जोक करतेय,” संजय म्हणाला.

“तू ढकललंस मला. ‘आता वाच पाटी’ म्हणालास आणि पाठीत हात लावून ढकललंस. लेकीलाही फोनवर खोटं सांगायला लावलंस.”

“नीला, आत जा.”

“नाही जाणार.”

रिमोट आला तो सरळ तिच्या भुवईवर. पाठोपाठ संजय टीपॉयवरूनच आला. मिसळीच्या वाट्या उडाल्या, तर्री गालिच्यावर सांडली. त्याने तिचा प्लास्टरचा हात मनगटाशी धरला आणि पिळला. नीला किंचाळली. आजवर मुलीला ऐकू जाईल म्हणून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून ती कधी किंचाळली नव्हती. आज पोटातून किंचाळली. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडात मारली, एकदा, परत एकदा, आणि केस धरून तिचं डोकं दाराला लागूनच असलेल्या ओट्याच्या कडेवर आपटलं. “लोकांसमोर! लोकांसमोर माझी लाज काढतेस!” असं तो ओरडत होता. तेच लोक तिथे उभे आहेत, हे बहुधा त्याच्या गावीही नव्हतं.

राजेश आणि प्रसादने त्याला मागून कव घालून ओढलं. त्या झटापटीत राजेशचा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली चिरडला. संजयने प्रसादच्या पोटात कोपर मारलं. शेवटी एकनाथकाकांनी काठीची मूठ त्याच्या छातीवर रोखली आणि “बस!” म्हणून असे गरजले की तो सोफ्यावर बसला. टीव्हीवर फोटो आपले आपोआप पुढे सरकत होते. चौघेजण समुद्राकडे पाठ करून हसत होते.

नीला ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. ओठ फाटला होता, भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. अहिल्या बर्फ घेऊन धावली.

“चुकून लागलं असेल हो, नीलाताई,” ती रडत रडत पुटपुटली. “रागाच्या भरात धक्का लागला...”

“अहिल्या, नको,” नीला म्हणाली. बोलताना रक्ताचा फुगा आला, तो तिने पदरासारख्या घेतलेल्या ओढणीने पुसला. “तू पाहिलंस ना? मग जे पाहिलंस तेच म्हण.”

अहिल्याने बर्फ तिच्या भुवईवर धरला.

“तिने मुद्दाम केलं,” सोफ्यावरून संजय म्हणाला. तो आता हुंदके देत होता. “प्रसाद, तू बघितलंस ना? मुद्दाम मला डिवचलं तिने!”

“हो,” नीला म्हणाली. “मुद्दाम.”

“हे बघा, आता सगळे शांत व्हा,” प्रसाद पोट चोळत म्हणाला. “पोलीस-बिलीस नको हं. घरातली गोष्ट आहे, यार. ग्रुपमध्ये उगाच...”

“मी पाहिलं होतं,” रेणू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“जिन्यावर. मी मागेच होते. त्याने ढकललं तिला. मी पाहिलं आणि मीच म्हटलं, घसरलीस. ट्रिपचे अजून दिवस होते, चौघांनी एका गाडीत बसायचं होतं. मला वाटलं...” ती नीलाजवळ जमिनीवर बसली. “मला माफ कर असं कसं म्हणू गं?”

नीलाला रेणूचा राग होता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. पण उठायला आधार हवा होता, म्हणून तिने डावा हात पुढे केला.

“मला इमर्जन्सीत ने,” ती म्हणाली. “तिथे तो प्रश्न विचारतात. आज मला त्याचं उत्तर द्यायचंय. तू शेजारी बस आणि काय पाहिलंस ते सांग.”

“सांगते.”

“अगं, पण रेणू...” प्रसादने तोंड उघडलं.

“प्रसाद, गप बस,” एकनाथकाका म्हणाले. त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, संजयच्या समोर मांडली, आणि काठी मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर बसले. “जा पोरी. हा इथून हलत नाही.”

दारापाशी चपलाबुटांचा नेहमीचा ढीग पडला होता. पाहुण्यांच्या जोड्यांत नीला आपले बूट शोधत होती, तेवढ्यात अहिल्या स्वयंपाकघरातून पळत आली. तिच्या हातात दह्याच्या रिकाम्या डब्यात भरलेली मिसळ होती, वर फॉइलमध्ये पाव. “तिथे किती वेळ बसवतील, काय माहीत,” ती म्हणाली. या घरातून आजवर कितीतरी डबे बाहेर गेले होते. नीलाने हा पहिल्यांदाच स्वतःसाठी घेतला आणि छातीशी धरला.

बूट सापडले, पण एका हाताने नाड्या बांधता येईनात. गेले कित्येक दिवस त्या संजय बांधत होता, फार प्रेमाने, आल्यागेल्याच्या देखत. रेणू खाली वाकली. तिने नीलाचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. नाडी दोनदा सुटली.

“घट्ट होतंय का?” तिने मान वर न करता विचारलं.

“घट्टच बांध,” नीला म्हणाली. “नाहीतर खरंच घसरेन.”

रेणूने गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक मारली, आणि दुसरा पाय गुडघ्यावर घेतला.