धाकू तांडेल किरनापुरला आला

धाकू तांडेलाचा फोन आला तेव्हा दुर्गाबाई परसात मोहफुलं वाळत घालत होती. आतून पौर्णिमा ओरडली, "माय, तांडेल काका येऊन राह्यले आपल्या घरी! परवा गोंदियाले उतरतात."

दुर्गाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ज्या माणसामुळे पोर जिवंत आहे, तो घरी येणार म्हटल्यावर तिला आनंद झाला. पण मागोमाग धास्तीही वाटली.

पौर्णिमा तिची एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर दुर्गाबाईनं बांधीत, म्हणजे भातखाचरात, पिकणाऱ्या धानावरच तिला वाढवलं, नागपूरला मत्स्यविज्ञान शिकवलं. पुढे पोरीला कोकणात नोकरी लागली, समुद्रात मासे किती उरलेत ते तपासायची. "पाण्यातले मासे कसे मोजते वं?" दुर्गाबाईनं तेव्हा विचारलं होतं. पौर्णिमानं समजावलं होतं, की सगळे मोजायचे नसतात. बोटीवर जायचं, जाळ्यात आलेला मासा किती लांब ते बघायचं, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, आहे का बघायचं. कानातलं बारीक हाड काढलं की त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. एकदाही अंडी न घातलेली पिल्लंच टोपलीत जास्त येऊ लागली, तर समजायचं की समुद्र रिता होऊन राह्यला. दुर्गाबाईला ते लगेच उमगलं. बियाण्याचं धान कुटून खाल्लं तर पुढच्या साली बांधीत पेरणार काय?

धाकू तांडेलाच्या ट्रॉलरवर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीवर, पौर्णिमा दोन हंगाम जात होती. तांडेल म्हणजे बोट हाकणारा, बोटीवरचा कर्ता माणूस. या जानेवारीत जाळं पाण्यात सोडताना तिचा पाय दोराच्या वेढ्यात अडकला. दोर सुसाट पाण्यात चाललेला, त्याच्याबरोबर पोरही फरफटत कडेला गेली. धाकू तांडेलानं सुकाणू सोडलं, कोयता उचलला आणि दोरच तोडला. नवं कोरं जाळं समुद्रात गेलं ते गेलंच. पौर्णिमाचं घोट्याचं हाड मोडलं, पण पोर वाचली. तेव्हापासून ती किरनापुरात होती. प्लास्टर निघालं होतं, काठी टेकत अंगणात फिरत होती.

आणि गेल्या महिन्यात तिचा अहवाल बाहेर आला होता. त्यात लिहिलं होतं, की जाळ्यात येणारी बहुतेक सुरमई अजून पिल्लू असते. बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी बंद करा, किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात ट्रॉलर नेऊ नका. बंदरावर बोंब झाली. अशात धाकू तांडेल इतक्या लांब येतोय तो त्या अहवालापायीच, हे दुर्गाबाईला कुणी सांगावं लागलं नाही.

"तो काही मागीन तर?" तिनं लेकीला विचारलं.

"काय मागतील माय?"

"माहीत नाही. पण मले नाही म्हणता नाही येणार त्याले."

तिसऱ्या दिवशी दुपारी बसमधून तो उतरला. साठीचा, उन्हानं रापलेला, पांढरा सदरा घातलेला माणूस. हातात सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी होती, ती त्यानं दुर्गाबाईला दिली. मग खाटेवर टेकायच्या आधी पौर्णिमाच्या पायाशी वाकला. "बोटं हलतात ना पोरी? हलव बघू." तिनं हलवली. तेव्हा कुठे त्यानं पाणी घेतलं.

शेजारच्या चैतरामनं तळ्यातला रोहू आणून देतो म्हटलं होतं, पण दुर्गाबाईनं नको म्हटलं. ज्याच्या दारात दर्या, त्याला आपण काय मासा खाऊ घालणार? तिनं पाटवडीचा झणझणीत रस्सा केला होता आणि घरच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात. त्या वासानंच तांडेल खूश झाला. पोटभर जेवला, आणखी भात मागून घेतला. मग हात धुऊन तो खाटेच्या कडेवर टेकला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मला सोसायटीनं धाडलंय. बोटवाल्यांच्या. ते म्हणतात, पोर तुझ्या बोटीवर होती, तू जीव वाचवलास तिचा, तुझं ऐकेल. तिला सांग, आकडे चुकले असं लिहून दे. पुन्हा मोजते म्हण. मग दोन-चार वर्षं तरी निघून जातील."

दुर्गाबाईच्या ओठावर 'हौ' आलंच होतं. एवढंसं तर मागतोय. कागदावर चार ओळी, आणि ऋण फिटेल. जन्मभर तिला पोरीच्या त्या पायाकडे बघून या माणसाची आठवण येणार होती.

पौर्णिमाचे डोळे भरले होते. "काका, तुम्ही नसते तर मी आज नसती. तुम्ही म्हणाल ते करीन. पण हे नाही होणार माझ्यानं. टोपलीत काय येत होतं ते तुम्हीच पाहिलं ना? तळहाताएवढी सुरमई तुम्हीच उचलून दाखवत होता मले."

तांडेलानं दुर्गाबाईकडे पाहिलं. आता आईच काय ते सांगेल, अशा नजरेनं.

दुर्गाबाई उठली. "भाऊ, माह्या घरातलं काय पायजे ते घेऊन जा. हे घर तुमचंच समजा. पण पोरीले खोटं लिहायले मी नाही सांगू शकत. तुम्ही रागावून गेले तरी मी रोज तुमचं नाव घेईन."

तांडेलानं डोळे मिटले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आणि मग तो हसला, रडल्यासारखा.

"सगळ्या वाटेत मी घाबरलो होतो ताई. ही हो म्हणाली तर? मी दोर तोडला तो पोरीसाठी. त्याची वसुली करायला माणसं मला धाडतात, आणि मी गाडीत बसतो! त्यांच्यात राहायचंय म्हणून मला नाय म्हणता आलं नाय. तुम्हाला आलं. बरं झालं. लय बरं झालं."

दुर्गाबाईनं पदर डोळ्यांना लावला. पौर्णिमा काठी न घेता दोन पावलं चालत त्याच्यापाशी आली आणि त्याचा हात धरून बसली.

"एक काम करशील?" तो तिला म्हणाला. "कागदात लिहिलंस ते तिथं येऊन सांग. तोंडानं. शिव्या पडतील, पण माझ्या शेजारी बसून सांग."

होळी झाल्यावर मायलेकी निघाल्या. दुर्गाबाईनं तांडेलाच्या बायकोसाठी चिन्नोर तांदळाची पिशवी बांधून घेतली होती. बंदरावर सभा भरली. शिव्या पडल्याच. काही जण उठून गेले, एकानं खुर्ची आपटली. पौर्णिमा मात्र माशाच्या कानातलं हाड भिंगाखाली ठेवून एकेकाला वलयं दाखवत राहिली. शेवटी धाकू तांडेल उभा राहिला आणि म्हणाला, यंदा माझ्या बोटीवर मोठ्या आसाचं जाळं. यायचं त्यानं यावं, नसेल त्यानं येऊ नये. पाच बोटवाले त्याच्यामागे उभे राहिले. बाकीचे नाही राहिले. पौर्णिमा म्हणाली, समुद्र एका वर्षात उत्तर देत नाही, पण सहा बोटी म्हणजे कमी नाही.

ऑगस्टमध्ये पावसाळी बंदी उठली, मासेमारी सुरू झाली आणि पौर्णिमा पुन्हा तांडेलाच्या बोटीवर जाऊ लागली. किरनापुरात तेव्हा धानाची रोवणी जोरात होती. दुर्गाबाई बायांबरोबर गुडघाभर चिखलात उभी असताना कमरेला खोचलेला फोन वाजला. इंजिनाचा धडधडाट, वारा, आणि त्यातून तांडेलाचा आवाज. "ताई, आज मासळी कमी आली! पण पिल्लं जाळ्यातून सुटून गेली, आम्ही डोळ्यांनी बघितली! पोर इथंच हाय, हसतेय!"

"भाऊ, लय उपकार झाले तुमचे," दुर्गाबाई जोरात म्हणाली. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. फोन कट झाला.

"कोण होतं वं?" शेजारच्या मैनाबाईनं विचारलं.

"माहा भाऊ," दुर्गाबाई म्हणाली. "दर्यावर रायते." आणि चिखलात वाकून ती पुन्हा रोपं लावू लागली.