पान्याचे दोन ठोके

मी एका जुन्या गाडीचा स्टार्टर आहे, मित्रांनो. इंजिनाच्या कुशीला, तेलामातीत बसलेला. किल्ली फिरली की जागं व्हायचं, इंजिनाला ढुशी देऊन उठवायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. नवा होतो तेव्हा माझ्यातल्या तांब्याच्या तारा लखलखत. मला कुणी उठवावं लागत नसे. मीच दुसऱ्याला उठवी.

गेल्या वर्षापासून मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ली फिरायची, मी 'खट्' म्हणायचो आणि तिथंच अडायचो. मग घरचा मुलगा बॉनेट उघडून पान्याने मला दोन ठोके देई, तेवढ्यात त्याची बायको किल्ली फिरवी. मी दचकून फिरू लागे. "बघ, हात लागला की उठतो!" तो म्हणे. मला उद्याचीच धास्ती.

कारण आठवड्यातून तीनदा म्हाताऱ्या आईला डायलिसिसला न्यायचं असे. आणि येत्या सोमवारी मुलगा बदलीच्या गावी निघणार होता. एकट्या सुनेनं किल्ली फिरवायची की ठोके द्यायचे?

गॅरेजात ते दोनदा गेले होते. पण चारचौघांत गाडी अडायला नको म्हणून मिस्त्री येण्याआधीच मुलगा मला गुपचूप ठोके देई. "चांगली उठतेय की! फार तर बॅटरी बदला," मिस्त्री म्हणे. दोन बॅटऱ्या बदलल्या. मी मात्र आतून झिजतच होतो.

शनिवारी गॅरेजच्या दारात मुलगा पाना शोधू लागला.

"माझ्या मांडीवर आहे," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "आज मिळायचा नाही. शाळेत तुला उत्तरं पढवून पाठवायची मी, तीच खोड तुला लागली!"

सून पदराआड हसली. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. खट्. दिवे मंदावले नाहीत, म्हणजे बॅटरी ठीक होती. त्यानं माझ्या वायरीला मीटर लावला.

"करंट इथवर पोचतोय. दुखणं ह्याच्याच पोटात आहे. आणि अंगावर हे खळगे कसले?"

मुलानं आईच्या मांडीवरच्या पान्याकडं बोट दाखवलं.

"अहो, ठोकून दुखणं जात नाही, लपतं!"

त्यानं मला उघडलं. तारांना वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. स्प्रिंगनं दाबूनही तांब्याला टेकत नव्हते. त्यानं नवे बसवले, काजळी पुसली. किती दिवसांनी कुणी मला न मारता हात लावला!

सोमवारी सकाळी मुलगा सवयीनं पाना घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला. सुनेनं किल्ली फिरवली. त्याचा हात उचललेलाच राहिला आणि मी घर्रकन उठलो.

"ठेव तो पाना," काचेतून आई म्हणाली, "आणि पोचलास की फोन कर."

मित्रांनो, अजूनही किल्ली फिरण्याआधी मी अंग चोरून घेतो. ठोक्यांची आठवण लवकर जात नाही. म्हणून एवढंच मागतो: कुणी अडलं, तर हात उगारण्याआधी विचारा, कुठं दुखतंय रे?