तिच्या उरलेल्या गोळ्या

हार्ट अटॅकनंतर आठव्या दिवशी मला घरी सोडणार होते. त्याऐवजी डॉक्टरीणबाई माझा ईसीजी दोन्ही हातांत ताणून बघत बसल्या.

"ठोक्याच्या या दोन खुणांमधलं अंतर रोज वाढतंय. ठोक्यांची लय सांभाळायला जी गोळी देतोय, तिनं थोडं वाढतंच. पण इतकं? आणखी वाढलं तर हृदय भलत्याच वेगात सुटेल आणि बंद पडेल. गोळी थांबवली तरी धोका आहेच."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

"दुसरं काही औषध घेता?"

"छे!"

माझी मेहुणी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं माझं चष्म्याचं घर उचललं. ते खडखडलं. चष्मा तर माझ्या नाकावर होता.

"भाऊजी, हे काय?"

"काही नाही गं, ठेव तिकडे."

तिनं उघडून थेट डॉक्टरांपुढे धरलं. आत गोळ्यांच्या स्ट्रिप. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"उलटीची गोळी! आमच्या गोळीबरोबर ही चालतच नाही. दोघी मिळून ते अंतर ताणतायत. तुम्हाला उलट्या होतात?"

"नाही."

"मग?"

"बायकोला होत होत्या."

चष्म्याचं घर परत मांडीवर घेऊन मी सांगितलं. ती गेली तेव्हा सहा स्ट्रिप उरल्या होत्या. औषध वाया घालवलेलं तिला खपत नसे. फेकायला माझा हात धजेना. म्हणून जेवणानंतर एकेक घेत होतो. तिच्या ताटातलं उरलेलंही जन्मभर मीच संपवलं.

"ताईच्या ताटातलं खाऊन कोणी मेलं नाही!" मेहुणी रडत रडत ओरडली. "तिच्यामागून जायचा बेत होता की काय?"

"बेत कसला? मला वाटलं, पोटाला बरं."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "द्या सगळ्या."

"दोनच स्ट्रिप राहिल्यात हो."

"एकही नाही."

दिल्या. पुढे बराच वेळ हाताचं काय करावं ते कळेना.

चार दिवसांनी ईसीजी ताळ्यावर आला. लयीची गोळी चालू राहिली.

"घरी तुमच्या बायकोचं आणखी काय संपवायचं राहिलंय? खरं सांगा."

"केसांच्या तेलाची अर्धी बाटली."

त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. "लावताच ना? पीत नाही ना?"

"लावतो."

"मग लावा," म्हणाल्या आणि घरी सोडायच्या कागदावर सही केली.